कालवांचा पिंजरा: बांधायच्या आधी विकायची तारीख ठरवा



या आठवड्यात दुकानामागच्या मोकळ्या जागेत कालवांचा तरंगता पिंजरा बांधून दाखवला. लगेच एका ताईंनी विचारलं, "सर, खडकवासल्यात टाकू का?" नाही ताई. कालवांना खारं पाणी लागतं, हा धंदा कोकणातल्या खाडीचा. पण पुण्यात राहणाऱ्या किती तरी जणांचं गाव तिकडे आहे. हा लेख त्यांच्यासाठी.

सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कालवं आणि शिणाण्यांची शेती करून पाहिली आहे. २०१७ पासून राज्याची कांदळवन उपजीविका योजनाही आहे. म्हणजे ही हवेतली कल्पना नाही.

पिंजरा कसा?

पीव्हीसी पाइपची चौकट, त्यावर प्लास्टिकची जाळी, दोन्ही बाजूंना झाकण घट्ट बंद केलेले २०-२० लिटरचे रिकामे कॅन आणि नायलॉनची दोरी. जाळीचं भोक बीपेक्षा लहान हवं. साधी तार वापरू नका, खाऱ्या पाण्यात गंजते. दोन कॅन मिळून साधारण ४० किलो वजन तोलतात, पण त्याच्या निम्म्यावरच थांबा. कालवं वाढतात, शिवाय जाळीला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. म्हणून पिंजरा अधूनमधून उलटा करून काही तास उन्हात ठेवायचा. हे काम चुकलं की जाळी बुजते, पाणी खेळत नाही आणि माल मरतो.

"खाद्य फुकट, मग नफाच नफा?"

इथेच लोक फसतात. कालवं पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातात, हे खरं. पण तुमची मजुरी फुकट नाही. समजा २०० बी आणि सगळा खर्च मिळून १,८०० रुपये. कागदावर एक कालव ९ रुपयांना पडलं. विकली गेली १२०, तर तेच १५ रुपयांना पडलं! भाव ठरवताना विकलेल्या नगांवर भागा, टाकलेल्या बीवर नाही.

खरा मालक पाऊस

जूनमध्ये खाडीत गोडं पाणी उतरतं, खारेपणा एकदम घटतो आणि कालवं मरू शकतात. ऑक्टोबरला बी टाकलं तर मेअखेर हातात फक्त आठ महिने. म्हणून बी केवढं मिळणार, हे आधी विचारा.

माझ्या दुकानात पहिल्या वर्षी मी हौसेनं रेनकोट भरले आणि सप्टेंबरअखेर अर्धा माल कपाटात राहिला. पण रेनकोट निदान पुढच्या वर्षी विकता आले. कालवं नाही विकता येणार.

बी घेण्याआधी चार कामं

१. गावातली मच्छीमार सोसायटी आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्याशी जागेबद्दल आणि परवानगीबद्दल बोला.

२. सांडपाणी येतं ती जागा सोडा. कालवं पाण्यातले जंतूही साठवतात. एक गिऱ्हाईक आजारी पडलं की धंदा संपला.

३. एप्रिल-मेमध्ये माल घेणारी दोन हॉटेलं किंवा व्यापारी नक्की करा.

४. माल थंड आणि ओलसर ठेवून पोचवायची सोय बघा. गोड्या पाण्यात बुडवून ठेवू नका.

पहिल्या वर्षी एकच पिंजरा टाका. किती टाकली, किती मेली, किती विकली, हे रोज नाही तर निदान दर आठवड्याला वहीत लिहा. दुसरा पिंजरा बांधायचा की नाही, हे ती वहीच सांगेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!