दोन मिलिमीटरची भिंत

शहाद्यातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात एकीकडे उसाची ट्रॉली दुरुस्तीला पडलेली असते, दुसरीकडे पपईच्या पॅकिंग शेडसाठी छपराच्या कैच्या जुळत असतात. ट्रॉलीच्या जाड चॅनेलवर मिस्तरी करंट चढवून बिनधास्त रॉड ओढतो. कैचीपाशी तोच माणूस सावध होतो. चौकोनी पाइप, भिंत जेमतेम २ मिलिमीटर, म्हणजे बाजारातला १४ गेज. हात जरा रेंगाळला की भोक पडतं.

शेडचा मालक शेजारी उभा राहून एकच सांगतो, "भाऊ, वेल्डिंग भरपूर मारा." जाडजूड वेल्ड दिसला की त्याचं समाधान होतं. माझं होत नाही. कोपऱ्यात भरलेल्या फिलेट वेल्डचे दोन्ही पाय ३ मिलिमीटर असतील, तर त्याची तिरकस मोजलेली जाडी ०.७ पटीने २.१ भरते. वेल्ड भिंतीइतका झाला. तो ६ मिलिमीटरचा केला तरी वेल्डशेजारची भिंतच आधी फाटणार. शिवाय उष्णतेने पाइप वाकडा होतो.

कंजूषपणा करायचा नाही तो लांबीत. नुसते टाके मारून भागत नाही. चारही बाजूंनी वेल्ड फिरवायचा. उन्हाळी वादळात वारा पत्रे उचलतो तेव्हा एरवी दाबाखाली असलेल्या जोडावर ओढ येते. ती पाइपच्या कोपऱ्यांवर सर्वाधिक येते, म्हणून जाणता मिस्तरी रॉड कोपऱ्यावर सुरू करत नाही की तोडतही नाही. सपाट बाजूच्या मध्यावर सुरुवात करून कोपरा एका दमात वळतो.

खरी निवड मात्र रॉड पेटण्याआधीच झालेली असते. ६० च्या पाइपवर ३० चा उभा केला तर तो सपाट तोंडावर छान बसतो, फिलेट सहज जमतो; पण खालचं तोंड डफासारखं आतबाहेर होतं. ५० वर ५० ठेवला तर बोजा थेट खालच्या पाइपच्या बाजूच्या भिंतींत उतरतो. जोड ताठ होतो, पण वेल्ड अवघड: खालच्या पाइपचे कोपरे गोल असल्याने दोन बाजूंना खाच राहते. तिच्या तळापर्यंत धातू पोचला पाहिजे. वरवर भरलेली खाच ग्राइंडर फिरवल्यावर उत्तम दिसते, हाच धोका. ५० वर ४० हा मधला मार्ग मला बरा वाटतो.

दुकानात ०.८ मिलिमीटर तारेचं सीओटू मशीन अशा पाइपला सोयीचं. शेतात मात्र वारा गॅस उडवून नेतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात; तिथे ६०१३ चा अडीच मिलिमीटर रॉड, करंट सत्तरच्या आसपास. फट मोठी असेल तर तिच्यात लोखंडाचा तुकडा घालून भरण्यापेक्षा पाइप पुन्हा कापावा. जस्त चढवलेला पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढायचं. त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. गूळ-दुधाने तो धूर अडत नाही, वारा धूर तोंडापासून दूर नेईल असं बसावं लागतं.

मालकाला पैसे घालायचेच असतील तर १६ गेजऐवजी १४ गेजचा पाइप घ्यावा, आणि उघडी टोकं बंद करून घ्यावीत. पाणी आत शिरलं की ही भिंत आतून गंजते, आणि बाहेरून मारलेला रेड ऑक्साइड तिथे पोचत नाही.