कपड्यांची अदलाबदल : एक घरगुती हिशेब

आपले बऱ्हाणपूर हे कापडाचे गाव. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने, येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे लिहून ठेवले आहे. आजही गावात यंत्रमागांची खटखट चालू असते. परंतु दाराशी कापड विणले जाते म्हणून घरातील कपड्यांचा खर्च हलका होत नाही, हा अनुभव आपणां सर्वांचाच आहे. शाळेचा गणवेश, दिवाळी आणि घरातले एखादे लग्न एका वर्षात आले, की बेताच्या मिळकतीचे घर उधारीवर जाते. ही उधारी टाळण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे स्नेह्यांच्या घरांशी कपड्यांची अदलाबदल. तिच्याविषयी चार गोष्टी येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

ही रीत आपल्याला नवी नाही. आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे, थोरल्याचे झबले धाकट्याला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेणे हीही अदलाबदलच. मात्र बोहारीण कपड्यांचा गठ्ठा पाहून भाव करते. त्या गठ्ठ्यात दोनदाच घातलेला एखादा झगा असला, तरी त्याला जुनेराचेच मोल येते. तोच झगा ज्या घरी त्या वयाची मुलगी आहे तेथे गेला, तर त्या घरची नव्या झग्याची किंमत वाचते. वस्तू एकच, पण गरजेच्या घरी तिचे मोल कितीतरी वाढते. अदलाबदलीचे सारे मर्म यातच आहे.

सर्वांत अधिक लाभ लहान मुलांच्या कपड्यांत होतो. जन्मतः सुमारे ५० सेंटीमीटर लांबीचे मूल वर्षाचे होईतो ७५ सेंटीमीटरच्या आसपास पोचते. पुढे दोन वर्षांनंतरही ते दरसाल पाचसहा सेंटीमीटर वाढतच असते. तेव्हा मुलाचा कपडा बहुधा झिजून जात नाही, तो आखूड होऊन पेटीत पडतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग होते व ते १९४९ पर्यंत टिकले. त्या काळी तेथील महिला स्वयंसेविकांनी मुलांच्या कपड्यांची विनिमय केंद्रे चालविली. आईने लहान झालेले कपडे आणावेत, त्यांबद्दल गुण मिळावेत आणि त्या गुणांत मोठ्या मापाचे कपडे न्यावेत, अशी व्यवस्था होती. घेणारी प्रत्येक आई देणारीही असल्याने तेथे कोणी कोणाचे मिंधे नव्हते.

आपल्याकडे इतका खटाटोप नको. पाचसहा घरे पुरेत, परंतु मुलांची वये पायरीपायरीने असावीत. शाळा उघडण्यापूर्वी एकदा व दिवाळीपूर्वी एकदा असे वर्षातून दोनदा जमावे. कपड्याला कपडा मोजावा, किमतीची घासाघीस करू नये. ज्या घरचे मूल सर्वांत मोठे, त्याला मुलांचे कपडे मिळणार नाहीत. त्या घरास साडी, चादर किंवा स्वेटर निवडण्याचा पहिला मान द्यावा, म्हणजे कोणी नुसतेच देत राहिले असे होत नाही. देण्यापूर्वी कपडा धुवावा, गुंडी लावावी, उसवलेली शिवण घालावी. जो कपडा आपल्या लेकराला घालवणार नाही, तो दुसऱ्याच्या लेकराला देऊ नये. आतले कपडे या व्यवहारात आणूच नयेत. घरात खरूज असल्यास तेथील कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळविल्यावाचून बाहेर काढू नयेत. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोनतीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, पण तेवढा काळही संसर्गास पुरतो.

लग्नाच्या कपड्यांची गोष्ट थोडी निराळी. शालू, पैठणी, शेरवानी ही द्यावयाची नसून उसनी घ्यावयाची वस्तू होय. म्हणून वहीत नाव, नेल्याची तारीख व परत करण्याची तारीख लिहावी. डाग पडला तर धुलाईचा खर्च कोणी करावयाचा, हे आधीच बोलावे. मागाहून बोलले की मने दुखावतात. अत्तर जरीवर शिंपडू नये, त्याने जर काळवंडते. शालू परत आल्यावर पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावा आणि दोनतीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच तो विरतो.

आता खरी अडचण सांगतो. ती पैशाची नाही, मनाची आहे. “लोक काय म्हणतील?” या एका प्रश्नापायी कर्ज काढून नवे कपडे घेणारी घरे आपण पाहतो. वापरलेला कपडा घेणे म्हणजे दान घेणे, अशी समजूत त्याच्या मुळाशी असते. दानात एकाचा हात वर व दुसऱ्याचा खाली असतो. अदलाबदलीत दोन्ही हात सारख्या उंचीवर असतात. म्हणून दानाचे कपडे निराळे काढावेत आणि अदलाबदलीचे निराळे. कोणता कपडा कोणाच्या घरचा, याचा उच्चार मुलांदेखत कधीही करू नये. शाळेत एका पोराने दुसऱ्याला “तो माझा सदरा” म्हटले, की वर्षभराची व्यवस्था एका दिवसात मोडते.

शेवटी मागावरच्या माणसाचा प्रश्न उरतो. सर्वांनी अदलाबदल केली तर त्याने खावे काय? आमच्या मते वाचलेला पैसा सगळाच पेटीत ठेवू नये. दोन महिन्यांत विटणारे चार कपडे घेण्याऐवजी टिकाऊ कापडाचा एकच कपडा, पाहून, पारखून, आपल्या गावात घ्यावा. अदलाबदलीत तोच कपडा तीन घरे फिरतो. हलके कापड पहिल्याच घरी संपते. चांगल्या कापडाला गिऱ्हाईक असेल, तर चांगले विणणाऱ्यालाही काम राहील.