हातावर पोट, हातात लेखणी (भाग 5) : सायकलवरचं प्रकाशन

नोएडाच्या सेक्टर 18 ला ब्लू लाइन पकडायची, यमुना ओलांडायची, मंडी हाऊसला गाडी बदलून आयटीओला उतरायचं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एका रस्त्यावर आपल्या पलुसकरांचं नाव आहे : विष्णू दिगंबर मार्ग. याच रस्त्यावर हिंदी भवन उभं आहे आणि याच रस्त्याच्या फुटपाथवर अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या एका माणसानं वर्षानुवर्षं चहा विकला. स्टोव्ह, पातेलं, पेले आणि शेजारी मांडलेली पुस्तकं. पुस्तकं त्यानंच लिहिलेली, त्यानंच छापून घेतलेली. लक्ष्मणराव शिरभाते. दिल्ली त्यांना नुसतं लक्ष्मण राव म्हणून ओळखते.

घरची परिस्थिती हलाखीची. अमरावतीच्या सूतगिरणीत काम मिळालं, पण गिरणी बंद पडली. गावी परतून शेतात मन रमेना. वडिलांकडून चाळीस रुपये घेऊन ते निघाले आणि भोपाळला बांधकामावर राबले. तिथं गाडीभाड्यापुरते पैसे गाठीला बांधून जुलै 1975 मध्ये ते दिल्लीत उतरले. आणीबाणी लागून महिना झाला होता. पुढच्याच वर्षी नदीपलीकडे नोएडाची स्थापना झाली. कामाच्या शोधात आलेल्या माणसांच्या हातांनीच दिल्ली अशी चारी बाजूंनी वाढत होती, आणि लक्ष्मणराव त्या माणसांतले एक होते. ढाब्यावर भांडी घासली, गवंड्याच्या हाताखाली विटा उचलल्या. मग झाडाखाली पानविडीचं दुकान आणि पुढे चहा. पालिकेची गाडी आली की सगळं उचलून नेई. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचं.

या धकाधकीत वाचन कुठून आलं? रविवारच्या दर्यागंजमधून. तिथल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरायचा (2019 मध्ये तो तिथून हलवून महिला हाटमध्ये नेला). शरच्चंद्र, प्रेमचंद, शेक्सपिअर, जे हाताला लागेल ते उचलायचं आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचायचं. मात्र लिहावंसं वाटलं ते गुलशन नंदांमुळे. ‘कटी पतंग’वाले गुलशन नंदा. समीक्षकांनी त्यांना कधी पंक्तीला बसवलं नाही, पण विदर्भातल्या एका मराठी पोराच्या मनात हिंदी कादंबरी लिहिण्याची ठिणगी त्यांनीच पाडली. लोकप्रिय साहित्याला नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता या लेखमालेचा जो मूळ प्रश्न आहे, त्याकडे येतो. गरिबीतून वर आलेल्या लेखकाबद्दल बोलताना आपण त्याच्या जिद्दीवर थांबतो. पण जिद्दीनं हस्तलिखित पूर्ण होतं, पुस्तक वाचकाच्या हातात जात नाही. त्यासाठी मध्ये एक पूल लागतो, आणि तो कुणी बांधला हे पाहिल्याशिवाय अशा लेखकाची गोष्ट पुरी होत नाही. अण्णा भाऊ साठ्यांना शाळा दीड दिवसाची, पण त्यांच्या मागे कामगार चळवळ होती, लाल बावटा कलापथकाचा मंच होता, चाळीचाळींतून जमणारा श्रोता होता. लक्ष्मणरावांच्या मागे कुणीच नव्हतं. गाव सुटलेलं, भाषा दुसरी, शहर परकं. हस्तलिखित घेऊन ते एका प्रकाशकाकडे गेले, तर त्यानं अपमान करून परत पाठवलं.

मग त्यांनी पूल स्वतःच बांधला. 1979 मध्ये ‘नई दुनिया की नई कहानी’ पदरमोड करून छापली. पुढे स्वतःची प्रकाशन संस्था काढली. हिशेब साधा होता : एका पुस्तकाचे आलेले पैसे दुसऱ्याच्या छपाईत घालायचे आणि घर चहावर चालवायचं. म्हणजे चहाची टपरी हा त्यांच्या साहित्याचा करुण देखावा नव्हता, ते त्यांचं भांडवल होतं. वर्तमानपत्रांनी ‘चहावाला लेखक’ म्हणून फोटो छापले, त्यात हा व्यवहार झाकला गेला. तो मला त्या फोटोंपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

आणि वितरण? सायकल. पुस्तकांची थैली लावून ते दिल्लीतल्या शाळा पालथ्या घालायचे, ग्रंथालयासाठी प्रती घ्या म्हणून. धुळीनं माखलेला माणूस पाहून समोरच्याला तो विक्रेता वाटे, आणि तेही तसंच वाटू देत. पुस्तक आवडल्याचं समोरचा म्हणाला, तरच सांगायचं की हे मी लिहिलंय.

लेखन थांबलं नाही. गावातला एक मुलगा नदीत बुडाला होता. तो मनातून जाईना, त्याच्यावर ‘रामदास’ ही कादंबरी झाली. 1984 मध्ये इंदिरा गांधींची भेट झाली. तुमच्या आयुष्यावर लिहायचंय, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी सुचवलं, आयुष्यापेक्षा माझ्या कारभारावर लिहा. त्यातून ‘प्रधानमंत्री’ हे नाटक आलं. ‘नर्मदा’ आली. पुस्तकांची संख्या वीसच्या पुढे गेली. मधल्या काळात पत्राद्वारे बी.ए. झालं आणि साठी उलटल्यावर इग्नूतून हिंदीत एम.ए. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्यांना राष्ट्रपती भवनात बोलावलं. ताई अमरावतीच्या सूनबाई आणि एकेकाळच्या खासदार. आपल्या मुलुखातलं माणूस इतक्या दूर भेटलं की काय वाटतं, हे दिल्लीकर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

लक्ष्मणरावांना पूल स्वतः बांधावा लागला. इथून जवळच, गुरुग्राममधल्या एका घरात, कपाटातली पुस्तकं पुसणाऱ्या बाईच्या हाती घरमालकानंच वही-पेन ठेवलं. ते घरमालक प्रेमचंदांचे नातू प्रबोध कुमार आणि त्या बाई बेबी हालदार. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.