एक वाटी साखर, चार वाट्या पाणी

दरवर्षी पावसाळा सरला की पुण्या-नाशिककडून कुणा ना कुणा नातेवाइकाचा एक तरी फोटो येतो. बाल्कनीतल्या जास्वंदीवर बोटभर लांबीचा, उन्हात जांभळा-निळा चमकणारा पक्षी, बाकदार चोच फुलाच्या बुडाशी खुपसलेली, आणि खाली ओळ : ‘आमच्याकडेही हमिंगबर्ड आला!’ मी कॅलिफोर्नियात राहते आणि परसात हमिंगबर्डसाठी साखरपाणी टांगते हे साऱ्या गोतावळ्याला ठाऊक असल्यामुळे शिक्कामोर्तबाचं काम माझ्याकडे येतं. आणि दरवेळी मला सांगावं लागतं की हा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. हमिंगबर्ड भारतात नाहीत. आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, कुठेच नाहीत. साडेतीनशेहून अधिक जाती, आणि त्या सगळ्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंतच्या दोन खंडांत.

फोटो पाठवणाऱ्याचा हिरमोड होतो. तो होऊ नये असं मला वाटतं, कारण खरी गोष्ट अधिक रंजक आहे. शिंजीर हा चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गणातला, गाणारा पक्षी. हमिंगबर्डचा जवळचा नातलग म्हणजे आपली पाकोळी. दोघांचेही पाय इतके तोकडे की जमिनीवर चालणं जमत नाही. फुलातला मध हे एकच दुकान गाठायला दोन वेगळी घराणी दोन वेगळ्या वाटांनी आली आणि दिसायला सारखी झाली. फरक ओळखायचा तर पिताना पाहावं. शिंजीर बहुधा देठावर बसून, मान वाकवून पितो. हवेत थांबणं त्याला क्षणभरच साधतं. हमिंगबर्ड मात्र हवेतच उभा राहतो, मागे सरकतो, बाजूला होतो. इतर पक्ष्यांना वर उचलणारा जोर मुख्यतः पंख खाली मारताना मिळतो. याचा पंख खांद्यातून असा वळतो की परतीच्या फटक्यातही सुमारे पाव भार पेलला जातो.

आणि हे पक्षी आपल्या बाजूच्या जगात कधीच नव्हते, असंही नाही. जर्मनीत सापडलेल्या सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचं वर्णन गेराल्ड मायर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. लांब चोच, आखूड दंड, हवेत थांबण्याजोगा खांदा : थेट हमिंगबर्डच्या वळणाचा पक्षी. म्हणजे जुन्या जगातून तो गेला आणि रिकाम्या जागेत पुढे शिंजीर आला असावा. हा शेवटचा दुवा माझ्या मनाचा आहे, सिद्ध झालेला नाही.

आमच्या परसातला पक्षी ‘अ‍ॅनाज हमिंगबर्ड’ या जातीचा. ही अ‍ॅना म्हणजे अ‍ॅना मासेना, रिवोलीची डचेस. रने लेसाँ या फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने १८२९ साली तिचं नाव या पक्ष्याला दिलं. वजन सुमारे चार ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर साखर. पाठ हिरवी, आणि नराच्या डोक्या-गळ्यावरचा रंग एका कोनातून काळपट, तर मान वळवताच जळत्या गुलाबी निखाऱ्यासारखा. तो रंग पिसांत रंगद्रव्य म्हणून नसतोच. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश कसा परततो त्याचा तो खेळ. तेव्हा मादीकडे तोंड करून, सूर्य समोर येईल अशा बेताने नराला आपली जागा निवडावी लागते.

ती निवडून तो जे करतो ते पाहायला जानेवारीतली थंडी सोसून उभं राहावं. सरळ वर, तीसेक मीटर चढतो, ठिपका होतो, आणि मग सूर मारतो. क्रिस्टोफर क्लार्क यांनी २००९ साली या सुराचा वेग मोजला : सेकंदाला आपल्या देहाच्या लांबीच्या ३८५ पट. देहाच्या मापात लढाऊ विमानही इतकं वेगवान नसतं. तळाशी वळताना शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे नऊपट ताण येतो. नेमक्या त्याच क्षणी एक तीक्ष्ण ‘चीक्’ ऐकू येतो. तो कंठातून येत नाही, शेपटीची पिसं निमिषभर पसरली की कडेची पिसं वाऱ्यात थरथरून वाजतात. सनईच्या पत्तीसारखंच म्हणा ना.

एवढं सगळं चमचाभर देहात चालवायचं तर इंधन अखंड लागतं. पंख सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा हलतात. हमिंगबर्डांच्या हृदयाचे ठोके उडताना मिनिटाला हजारापलीकडे जातात. दिवसभर मध आणि त्यासोबत चिलटं, छोटे कोळी (नुसत्या साखरेवर कुणी जगत नाही, प्रथिनं हवीतच), आणि रात्री? रात्री तो जवळजवळ विझतो. थंड रात्री शरीराचं तापमान चाळीस अंशांवरून झपाट्याने खाली येतं, हृदय मंदावतं, श्वास लागत नाहीसा वाटतो. पेरूच्या अँडीज पर्वतातल्या एका जातीत हे तापमान ३.३ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद २०२० साली झाली. पहाटे तो थरथरत, स्नायू तापवत पुन्हा जागा होतो. मात्र त्या जागं होण्यापुरती शिल्लक आदल्या संध्याकाळी पोटात असावी लागते. म्हणून दिवे लागणीच्या वेळी साखरपाण्यावर सर्वांत जास्त वर्दळ असते.

ते पाणी कसं करायचं यावरून आमच्या घरात चांगलीच चर्चा झाली. माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा म्हणाली, “अगं, पांढरी साखर काय घालतेस त्या जिवाला? चांगला गूळ घाल. नाहीतर मध तरी. त्यांचं मूळ अन्न तेच ना?” म्हणणं तर्काला धरून होतं, पण इथे उलटं आहे. गुळात लोह असतं आणि इतक्या लहान देहात ते साठून अपाय होतो. मधमाश्यांचा मध पाण्यात मिसळला की लवकर आंबतो, बुरशी धरतो. फुलातला मकरंद म्हणजे मुख्यतः साध्या शर्करा आणि पाणी. त्याला सर्वांत जवळचं मिश्रण म्हणजे एक वाटी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी. दुकानात लाल रंगाचं पाणी मिळतं ते घेऊ नये, भांड्याचा लाल रंग पुरतो. उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भांडं रिकामं करून गरम पाण्याने घासायचं. आंबलेलं पाणी मात्र त्यांचं त्यांनाच कळतं. बर्कलेच्या विद्यापीठात रॉबर्ट डडली यांच्या गटाने साखरपाण्यात अल्कोहोल मिसळून पाहिलं. एक टक्क्यापर्यंत अ‍ॅनाज हमिंगबर्ड निर्धास्त प्यायले, दोन टक्क्यांवर गेल्यावर पिणं निम्म्यावर आलं. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बघ, तुझ्या मामापेक्षा शहाणे.”

गोड कळणं हीसुद्धा पक्ष्यांच्या जगात गृहीत धरायची गोष्ट नव्हे. आपल्याला गोडी ज्या ग्राहकाने कळते त्याचा एक घटक घडवणारं जनुक पक्ष्यांच्या वंशात हरवलेलं आहे. मग हमिंगबर्डला साखर कशी आवडते? मॉड बॉल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की आमटी-रश्श्याची खुमारी ओळखणारा जो ग्राहक, तोच या पक्ष्यांत थोडा थोडा बदलत साखर ओळखू लागला. २०२१ साली त्यांनीच असं दाखवलं की गाणाऱ्या पक्ष्यांतही, म्हणजे शिंजिराच्या घराण्यातही, तोच ग्राहक स्वतंत्रपणे, वेगळ्या बदलांनी गोडाकडे वळला होता.

पिण्याची रीतही बराच काळ चुकीची समजली जात होती. जीभ म्हणजे बारीक नळी, तिच्यातून रस दिव्याच्या वातीतल्या तेलासारखा आपोआप चढतो, असं एकोणिसाव्या शतकापासून पुस्तकांत लिहिलेलं. अलेहांद्रो रिको-गेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी पारदर्शक भांड्यांशी वेगवान कॅमेरे लावले. २०११ साली त्यांनी दाखवलं, की दुभंगलेल्या जिभेची झालर द्रवात उलगडते आणि बाहेर येताना मिटून थेंब पकडते. २०१५ मध्ये पुढचा भाग आला : चोचीत दाबून चपटी केलेली जीभ रसात फुगते आणि रस आत ओढून घेते. सेकंदाला पंधराएक वेळा. परसातल्या भांड्यात जे बुडबुडे वर जाताना दिसतात ते याच पंपाचे.

आता थोडं मागे जायला हवं, कारण या पक्ष्याला काही देण्याआधी माणसाने त्याच्याकडून पुष्कळ घेतलं. व्हिक्टोरियाकाळी टोपीवर, पंख्यावर लावायला हमिंगबर्डांची कातडी लंडनच्या लिलावांत ढिगांनी विकली जात. जॉन गूल्डने १८५१ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आपले पेंढा भरलेले हमिंगबर्ड मांडले. पंचाहत्तर हजारांवर लोक, खुद्द राणीसुद्धा, पाहून गेले. या गूल्डने जिवंत हमिंगबर्ड तोवर पाहिलेला नव्हता. तो त्याला १८५७ मध्ये फिलाडेल्फियात दिसला. गूल्डचं पहिलं मोठं पुस्तक हिमालयातल्या पक्ष्यांवरचं. त्याचा मजकूर निकोलस व्हिगर्स याने लिहिला होता, आणि त्याच व्हिगर्सच्या नावाचा एक सूर्यपक्षी आपल्या सह्याद्रीत आहे. कर्नल साइक्स याने दख्खनातल्या पक्ष्यांची यादी करताना १८३२ साली त्याचं वर्णन केलं. तो पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही.

अमेरिकेत १९१८ च्या कायद्यानंतर असे पक्षी मारणं, पकडणंच काय, गळलेलं पीस उचलून घरी ठेवणंही गुन्हा ठरलं. घेण्याचं बंद झालं आणि देण्याची हौस वाढली. हॅरल्ड एजर्टन यांनी लखलखाटी दिव्याने पंख ‘थांबवून’ काढलेली हमिंगबर्डची छायाचित्रं १९४७ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात आली, आणि काही वर्षांत टांगायची भांडी बाजारात आली.

त्या भांड्यांनी काय केलं हा माझा खरा प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅनाज हमिंगबर्ड कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीत आणि त्याखालच्या बाहा द्वीपकल्पात होता. आज तो कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, हिमवर्षावात, बारमाही राहतो. थंडीत फुलणारी, ऑस्ट्रेलियातून आणलेली निलगिरीची झाडं हे एक कारण, बागा हे दुसरं आणि साखरपाणी हे तिसरं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी संग्रहालयांतले दीडशे वर्षांचे नमुने मोजले, आणि कुठे किती भांडी टांगली जात असावीत याचा अंदाज जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरून बांधला. जिथे भांडी दाट, तिथे चोची लांब आणि अधिक निमुळत्या होत गेल्या. उत्तरेच्या थंडीत मात्र लहान, कारण चोचीतून उष्णता निसटते. नरांच्या चोची अधिक टोकदार झाल्या, कदाचित भांड्यावरच्या मारामाऱ्यांसाठी.

त्या मारामाऱ्या मी रोज पाहते. लिंबाच्या एका ठरलेल्या काटकीवर एक नर बसतो आणि येईल त्याला हुसकतो. फुलं विखुरलेली असतात, त्यांची राखण अवघड. भांडं म्हणजे कधीही न आटणारं एकच फूल. म्हणून मी दुसरं भांडं घराच्या पलीकडे, त्याला दिसणार नाही असं टांगलं. आणि मुख्य म्हणजे कुंपणालगत साल्व्हिया आणि कॅलिफोर्निया फ्युशिया लावले. मला साखरपाणी पाप वाटत नाही. निसर्गात ढवळाढवळ नको म्हणणाऱ्यांच्या गावात निलगिरी, लिंबू, डांबरी रस्ते आणि मांजरं आधीच आहेत. पण दाणे टाकले, पुण्य मिळालं, इतका सोपा हिशोबही हा नाही. चार ग्रॅमच्या देहाचा वेळ, भांडण आणि चोच मी माझ्या खिडकीपाशी ओढून घेते, तेव्हा निदान भांडं स्वच्छ ठेवणं आणि फुलं वाढवणं मला चुकवता येत नाही.

प्रश्न अडतो तो डिसेंबरात. त्या महिन्यात आम्ही पाच आठवडे भारतात येतो. भांडं रिकामं पडलं तर पक्षी मरतात का? एरवी नाही. ते अनेक ठिकाणांहून पितात, कीटक खातात, मोक्याच्या जागा लक्षात ठेवतात. भीती आहे ती कडाक्याच्या दोन-चार रात्रींची, जेव्हा फुलं गोठतात आणि संध्याकाळचा शेवटचा घोटच सकाळ ठरवतो. त्यातच माद्यांची वीण याच सुमाराला सुरू होते, कोळ्याच्या जाळ्याने विणलेल्या, अक्रोडाएवढ्या घरट्यात.

शेजारच्या आजी मूळच्या मेक्सिकोतल्या. त्या या पक्ष्याला ‘चुपारोसा’ म्हणतात, गुलाब चोखणारा. किल्ली त्यांच्याकडे देते, आणि फ्रीजवर चिठ्ठी लावते : एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. गूळ नको, मध नको, रंग नको. दर पाच दिवसांनी धुवावं. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर भांडं रात्री आत घ्यावं आणि उजाडण्यापूर्वी बाहेर टांगावं, कारण लिंबावरचा तो उजाडायच्या आत येतो.