तंजावरच्या शिखराची सावली

रात्रीं जेवणें आटोपल्यावर तीन-चार कुटुंबांनीं एकत्र बसावें आणि आपल्या देशांतील एखाद्या राज्याविषयीं परस्परांस कांहीं सांगावें, असा एक खेळ आमच्या ओळखीच्या मंडळींत दोन वर्षांपासून चालू आहे. महिन्याला एक राज्य ठरवावयाचें; ज्यानें तें पाहिलें असेल त्यानें प्रवासांतील गोष्ट सांगावी, ज्यानें पाहिलें नसेल त्यानें तेथील एखादी अपरिचित माहिती आणावी, आणि इतरांस ती ठाऊक नसल्यास एक गुण मिळवावा. मुलें याला 'आव्हान' म्हणतात, वडील मंडळी करमणूक म्हणतात. गेल्या श्रावणांत तामिळनाडूची पाळी आली आणि या खेळास एक नवा नियम जोडणें भाग पडलें.

पहिल्याच रात्रीं तिघांनीं एकच माहिती आणली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखराची सावली म्हणे जमिनीवर पडतच नाहीं! तिघांपैकीं एकानेंही तें मंदिर पाहिलेलें नव्हतें. भ्रमणध्वनीवर कोणीं तरी धाडलेला मजकूर तिघांनाही मिळालेला होता, आणि तिघेही पदवीधर होते.

मीं तें मंदिर पाहिलें आहे. पहिल्या राजराज चोलानें बांधविलेलें व इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्ण झालेलें तें देवालय. त्याचें विमान दोनशें फुटांहून उंच आहे. आम्ही गेलों तेव्हां सकाळचे साडेआठ झाले असतील. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळें मागील, म्हणजे पश्चिमेकडील, अंगणांत गारवा होता. तेथें उभा राहून वाटाड्या हीच कथा मोठ्या भक्तिभावानें सांगत होता. आणि ज्या गारव्यांत तो उभा होता तो गारवा त्या विमानाच्या सावलीचाच होता! माझ्या नातीनें त्याला तसें दाखविलें. तो हसला आणि म्हणाला, "दुपारीं बारा वाजतां पाहा."

आतां हा बाराचा प्रश्न भूगोलाचा आहे. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें पावणेअकरा अंशांवर आहे. म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत व पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस मध्यान्हींचा सूर्य तेथें जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, आणि निमुळत्या शिखराची सावली त्याच्याच खालच्या थरांवर सांडते. डिसेंबरांत त्याच वेळीं ती उत्तरेच्या फरसबंदीवर स्वच्छ पडलेली दिसेल. हजार वर्षांपूर्वींच्या त्या शिल्पकारांचें कौतुक करण्यास एवढ्या उंचीचा, तोलून उभा केलेला पाषाण पुरेसा आहे. त्यांच्या नांवावर खोटा चमत्कार कशाला खपवावा?

दुसरी माहिती सांबाराची. छत्रपति संभाजी महाराज तंजावरास गेले असतां तेथील मुदपाकखान्यांत त्यांच्यासाठीं आमटींत चिंच घातली आणि त्यांच्या नांवावरून सांबार हें नांव पडलें, असें आवेशानें सांगण्यांत आलें. कथा गोड आहे. परंतु त्या काळचा एखादा कागद तिच्या आधारास कोणीं पुढें केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. तेव्हां तिला कथा म्हणावें, इतिहास म्हणूं नये.

मला खरा खेद झाला तो निराळ्याच गोष्टीचा. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं १६७५ च्या सुमारास तंजावरांत राज्य स्थापिलें. तें १८५५ मध्यें कंपनी सरकारनें खालसा केलें. त्याच बृहदीश्वराच्या आवारांत, नैर्ऋत्येच्या बाजूस, दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८०३ सालीं भोसले वंशाचा सबंध इतिहास मराठींत, देवनागरी अक्षरांत कोरविला आहे. भिंतच्या भिंत त्या अक्षरांनीं भरलेली आहे! आम्ही तेथें उभे असतां आपल्याकडील दोन कुटुंबें जवळून गेलीं. सावलीची कथा ऐकून त्यांचें समाधान झालें होतें. आपल्याच भाषेंतील त्या भिंतीकडे कोणीं मान वळवून पाहिलें नाहीं. ज्यास वाचावयास दुभाष्या लागत नाहीं असा तेवढाच मजकूर त्या आवारांत होता.

याच सरफोजीराजांच्या छापखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इसापाच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावलि' या नांवानें मराठींत छापल्या गेल्या. सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं १८४३ मध्यें 'सीतास्वयंवर' केलें, येथून मराठी रंगभूमीचा आरंभ आम्ही शाळेंत शिकविला. पण त्याच्या दीडशें वर्षें आधीं तंजावरच्या शहाजीराजांच्या नांवावर मराठी नाटकें आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्यें कुंभकोणम् येथें, तेथील मराठी ब्राह्मण कुटुंबांत झाला. हे तिन्ही मुद्दे सांगितले तेव्हां मुलांनीं गुण दिले, पण डोळे विस्फारले नाहींत. सावलीला मात्र ते विस्फारले होते!

सगळ्यांवर ताण केली ती मंडळींतील एका आजींनीं. त्यांनीं दक्षिणेकडे पाऊलही टाकलेलें नाहीं. त्या म्हणाल्या, "नभोवाणीवर मीं एकदां तामिळ हरिकथा ऐकली. भाषा कळली नाहीं, पण बुवांनीं मध्येंच आपली साकी म्हटली, आणि मग दिंडी." बाईंचा कान खरा होता. तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयानें आपलें कीर्तन तिकडे गेलें, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तंजावर कृष्ण भागवतरांनीं त्याला नवें रूप दिलें, आणि साकी, दिंडी, ओवी हीं वृत्तें तेथील हरिकथेंत रुजलीं. त्या रात्रीं आजींना पूर्ण गुण मिळाले.

नवा नियम त्यानंतर ठरला. माहिती आणणारानें ती कोठून आली आणि आपण ती कशी ताडून पाहिली हें सांगावें. न ताडल्यास अर्धाच गुण. तिघां पदवीधरांपैकीं एकानें कुरकुर केली, पण मुलांनीं मत दिलें नि नियम संमत झाला.

पुढल्या खेपेस मध्य प्रदेश घेतला आहे. देवास या एकाच गांवांत थोरली पाती व धाकटी पाती अशीं दोन संस्थानें नांदत होतीं, ही माहिती दोघांनीं आतांच राखून ठेवली आहे. त्यांची हद्द गांवांतून नेमकी कोठून जात असे, तें विचारावयास एक कुटुंब दिवाळीच्या सुटींत तिकडे निघालें आहे.