साडी गडद, मग व्हिडिओ फिकट का?

रायपूरच्या पंडरीचा कापड बाजार लग्नसराईत गजबजलेला असतो. पण हल्ली बस्त्याला सगळेच जण दुकानात जातात असे नाही. एकजण मोबाईलवर साड्यांचा व्हिडिओ काढून पाठवतो आणि नागपूर-पुण्याची मंडळी तो घरच्या संगणकावर पाहतात. गडबड होते ती इथे. दुकानातला गर्द जांभळा शालू पडद्यावर धुऊन विटल्यासारखा दिसतो, काळी किनार राखाडी वाटते. मग "रंग काही खास नाही" म्हणून चांगली साडी नाकारली जाते. लग्नाच्या व्हिडिओचेही तसेच. दोष अनेकदा साडीचा नसतो आणि कॅमेऱ्याचाही नसतो.

मग रंग जातो कुठे? खरे तर तो कुठेच जात नाही. १९८२ साली दूरचित्रवाणीच्या डिजिटल चित्रासाठी एक प्रमाण ठरले. त्यात काळ्या रंगाला १६ आणि पांढऱ्याला २३५ हा आकडा दिला, दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवली. बहुतेक व्हिडिओ आजही याच मापाने साठवले जातात. संगणकाचा पडदा मात्र काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी २५५ धरतो. व्हिडिओ चालवताना एका मापाचे दुसऱ्यात रूपांतर व्हावे लागते. ते झाले नाही, तर काळा १६ वरच अडकतो आणि राखाडी दिसतो, पांढरा २३५ वर थांबतो आणि मळकट दिसतो. सगळ्या चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटते. उलट, हेच रूपांतर दोनदा झाले, तर गडद साडीच्या घड्या काळ्याभोर होऊन दिसेनाशा होतात.

उपाय करण्याआधी चूक कुठे आहे ते शोधा.

१. तोच व्हिडिओ मोबाईलवर पाहा. तिथे रंग चांगले असतील, तर फाईल ठीक आहे.

२. संगणकावर दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून पाहा. एकाच प्लेअरमध्ये फिकट दिसत असेल, तर दोष त्या प्लेअरचा. व्हीएलसीमध्ये 'टूल्स', 'प्रेफरन्सेस', 'व्हिडिओ' इथे जाऊन 'आउटपुट'चा पर्याय बदला आणि प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करा.

३. फोटो छान, पण सगळेच व्हिडिओ फिकट असतील, तर ग्राफिक्स कार्डाकडे वळा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये व्हिडिओच्या रंगांचे पान असते. तिथे एनव्हिडियाची सेटिंग्ज निवडून 'अॅडव्हान्स्ड'मध्ये 'डायनॅमिक रेंज' फुल (०-२५५) करा.

४. फोटो, डेस्कटॉप, सगळेच फिकट दिसत असेल आणि संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलेला असेल, तर केबलच्या दोन्ही टोकांचे माप जुळत नसण्याची शक्यता मोठी. एनव्हिडियात 'आउटपुट डायनॅमिक रेंज', इंटेलमध्ये 'क्वांटायझेशन रेंज', एएमडीत 'पिक्सेल फॉरमॅट' या नावाने ही सोय असते. ती 'फुल' करा. टीव्हीतही 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' त्याच्याशी जुळवा. एकच टोक बदलले, तर नवा घोटाळा होतो.

आणखी एक कारण म्हणजे एचडीआर. २०२० च्या आयफोन १२ पासून आयफोन एचडीआर व्हिडिओ काढू शकतो. साध्या पडद्यावर काही प्लेअरना तो नीट उलगडता येत नाही आणि रंग फिके पडतात. पाठवणाऱ्याला कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधले 'एचडीआर व्हिडिओ' बंद करून पुन्हा चित्रित करायला सांगा. विंडोजमध्ये एचडीआर चालू असल्यामुळे सगळा पडदाच फिका दिसत असेल, तर 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'डिस्प्ले' इथे ते बंद करून पाहा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. फिकट दिसला म्हणून रंग भडक करून व्हिडिओ पुन्हा सेव्ह करू नका. बिघाड असतो पाहण्याच्या वाटेत, आणि आपण बदलून बसतो मूळ ठेवा. उद्या सेटिंग सुधारली, की तोच व्हिडिओ डोळ्यांना खुपू लागेल. लग्नाची मूळ फाईल वेगळी जपून ठेवा.

आणि साडीचा व्हिडिओ मागवताना दोन गोष्टी आवर्जून सांगा: कापड दुकानाच्या दिव्याखाली न धरता उजेडात धरा, आणि शेजारी एक पांढरा कागद ठेवा. कागद पांढराशुभ्र दिसला, तर साडीच्या रंगावरही बऱ्यापैकी भरवसा ठेवता येईल.