डाव्या खांद्याची रायफल

रेंजवर नवी मुलं आली की आधी त्यांचा नेमाचा डोळा शोधावा. हात समोर ताणून दोन्ही तळव्यांमध्ये छोटीशी खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचा ठिपका पाहायचा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ठिपका खिडकीतच दिसत राहतो, तो नेमाचा. तो डावा निघाला, तर उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलालाही डावा खांदा सोयीचा पडू शकतो. अडचण पुढे येते: बहुतेक रायफली उजव्या हाताला धरून बनवलेल्या असतात.

याचा त्रास किती, ते झोपून नेम धरताना कळतं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं अशा प्रत्येकी २० गोळ्या झाडायच्या असतात. झोपलेल्या डावखुऱ्या नेमबाजाचा उजवा हात स्लिंगच्या पट्ट्यात आवळलेला असतो, तो हलवला की बैठक मोडते. बोल्ट उजवीकडे असेल, तर चापावरचा डावा हात रायफलवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, गोळी भरायची आणि पुन्हा तीच पकड शोधायची. तेही दर गोळीमागे.

म्हणून रायफल दोन्ही हातांची आहे का, हे एकेक भाग घेऊन पाहावं. सुरुवात दस्त्यापासून. मागून पाहिलं की दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. गाल टेकवायची पट्टी, म्हणजे चीकपीस, एकाच बाजूला फुगीर असेल तर दुसरा गाल तिथे नीट बसत नाही. मग मूठ. तळहातासाठी उंचवटा किंवा अंगठ्यासाठी खाच एकाच बाजूला असेल, तर ती एकाच हाताची मूठ.

त्यानंतर बोल्ट किंवा कॉकिंगचा दांडा. इथे ‘अ‍ॅम्बी’, म्हणजे दोन्ही हातांचा, या शब्दानं फसू नये. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वापरता येणारा भाग वेगळा आणि सोडवून दुसऱ्या बाजूला बसवता येणारा वेगळा. घरी एकच नेमबाज असेल तर दुसऱ्या प्रकारचा भागही चालतो. क्लबात एकच रायफल दिवसभर हातोहात फिरते, तिथे पहिलाच हवा.

सेफ्टीचा खटका दस्त्याच्या मानेवर, मधोमध असेल तर कुठल्याही अंगठ्याला सारखाच सापडतो. चापाजवळ आडवं आरपार जाणारं बटण मात्र दोन्हीकडून दिसलं, तरी दोन्ही हातांचं असतंच असं नाही. ते ‘फायर’कडे कुठल्या बाजूनं दाबायचं, ते पाहावं. शेवटी रिकामी पुंगळी कुठे उडते ते पाहावं. उजवीकडे उडणारी पुंगळी डावखुऱ्याच्या चेहऱ्यासमोरून जाते.

ही सगळी तपासणी प्रशिक्षकासमोर करावी. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, नळी लक्ष्याच्या दिशेनं आणि बोट चापाबाहेर. मग मुलाला बैठक घेऊ द्यावी आणि गाल न उचलता एकेक खटका बोटांनी शोधायला सांगावं. जिथे मान उचलावी लागली, तो भाग त्याच्या हातासाठी बनलेला नाही. मुलाची बैठक चुकते असं म्हणण्याआधी तो भाग बदलून पाहावा.